रुग्णांना आमच्याकडे, पुनर्वसनाच्या उपचारांना, इतक्या उशिरा का पाठवता?

परत तेच! स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेली बाई समोर बसते. हात खांद्याच्या वर जात नाही, कोपरापर्यंत सूज. म्हणते, "डॉक्टर, या हाताने काही उचलायचं नाही असं सांगितलंय ना." कुणी सांगितलं? सगळ्यांनीच! काखेतल्या गाठी काढल्यावर सूज येऊ शकते, मान्य. पण देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने ती बळावत नाही, हे २००९ सालीच चाचणीत दिसलं. कर्करोगाच्या रुग्णांनी निष्क्रिय राहू नये, असं २०१० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी स्पष्ट लिहिलं. तरी आजही 'आराम करा' हेच! केमोचा थकवा नुसतं झोपून जात नाही हो, उलट स्नायू झिजतात.

माजी सैनिकांचं तर बघवत नाही. गुडघ्याखाली पाय कापलेला आणि घरच्यांनी मायेने त्याखाली उशी ठेवलेली. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, मग कृत्रिम पाय कसा बसवायचा? ही माणसं तक्रारही करत नाहीत. दुखतंय का विचारलं की "ठीक आहे सर." चार वेळा खोदून विचारावं तेव्हा कळतं, नसलेल्या पायाच्या वेदनेने रात्र रात्र झोप नाही.

आणि वर आम्हाला विचारतात, "तुम्ही म्हणजे मालीशवाले का?"

शस्त्रक्रियेची तारीख ठरते ना, त्याच दिवशी आम्हाला फोन करा. सगळं आखडल्यावर नको.