रुग्णवाहिकेचा कॅम्पर होतो, पण त्या मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही

चवथीच्या आधीपासून आमच्या गोव्यातल्या साखळी-डिचोली भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. वाळूत उभी असलेली पांढरी गाडी, मागचं दार उघडं, आत गादी, बाहेर खेळणारी दोन मुलं. कॅम्पर, म्हणजे आत राहत-झोपत फिरायची गाडी, स्वस्तात कशी करावी हे सांगणारा खालचा मजकूर थोडक्यात असा: सरकारी लिलावात जुनी ॲम्ब्युलन्स लाख-दीड लाखात मिळते. आत बेड, लाइट, इन्व्हर्टर, एसी सगळं असतंच, फक्त गादी टाकायची. कागदपत्रांना हात लावू नका, ॲम्ब्युलन्स म्हणूनच राहू द्या, म्हणजे टोल नाही आणि पोलीसही अडवत नाहीत. गाडी उंच असल्यामुळे वाळू, चिखल, जंगल, कुठेही जाते. रात्री एसी लावून निवांत झोपा.

पंधरा दिवसांत तिघांनी तो मला पाठवला, कारण आमच्या दारात अशीच गाडी उभी असते. एका संस्थेने आठ वर्षं वापरून विकायला काढलेली फोर्स ट्रॅव्हलर ॲम्ब्युलन्स आम्ही घेतली आणि माझे यजमान, भाऊजी आणि मी मिळून ती घडवली. दोन मुलांना घेऊन आम्ही तिच्यातून फिरतो. तेव्हा ही कल्पनाच खुळी आहे असं मी म्हणणार नाही. उभं राहता येईल एवढी उंची, रुंद मागचं दार, भरपूर जागा, भागात कुठेही दुरुस्त होणारं इंजिन, हे सगळं खरंच कामाचं आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या जिवावर बेतणारं आहे. आधी तेच घेते.

‘कागदपत्रांना हात लावू नका, ॲम्ब्युलन्सच राहू द्या.’

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. १०८ आली आणि आमोणा, माशेल, बाणस्तारी करत गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, निघाली. मी आत त्यांचा हात धरून बसले होते. माशेलच्या बाजारात रस्ता किती अरुंद आहे हे त्या बाजूच्या माणसांना सांगायला नको. समोरून आलेल्या बसवाल्याने अर्धी बस रस्त्याखाली उतरवली, एका भाजीवालीने आपली टोपली ओढून घेतली, आणि आम्ही गेलो. ती माणसं आत कोण आहे ते बघून बाजूला झाली नव्हती. आवाज ऐकून, पांढऱ्या गाडीवरची अक्षरं बघून झाली होती. सहलीला निघालेलं कुटुंब त्याच अक्षरांच्या आड बसून गर्दीतून वाट काढू लागलं, तर पुढच्या वेळी बसवाला क्षणभर विचार करील. तो क्षण कोणाच्या तरी आईच्या वाट्याचा असतो.

कायद्यानेही हे गंभीर धरलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४-ई प्रमाणे रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्या चिन्हापुढे दंडाच्या धाकाने वाट सोडावी लागते, ते चिन्ह सहलीसाठी वापरायचं? रंगीत दिवे आणि चढउताराचा भोंगा फक्त आपत्कालीन कामावरच्या गाड्यांना परवानगीने मिळतो. टोलचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ मधली सूट रुग्णवाहिका म्हणून वापरात असलेल्या गाडीला आहे. पुण्याला जाताना किणी नाक्यावर किंवा तासवड्याला आत गादी आणि स्टोव्ह घेऊन ती सूट घेणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे.

राहिला आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब ठासून सांगितली. परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय रुग्णवाहिका ही परिवहन वाहनांत मोडते, म्हणून तिला ठराविक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं: पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. स्ट्रेचर काढून ओटा बसवलेली गाडी ‘रुग्णवाहिका’ म्हणून तपासणीला नेणार कशी? आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी हात वर करू शकते.

सरळ वाट आहे, ती फक्त लांब आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत स्वतंत्र प्रकार आहे, आणि तोही बिगर-परिवहन गटात. कॅम्परला काय लागतं ते एआयएस-१२४ या मानकात दिलं आहे: बसायला आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. आम्ही आधी आराखडा काढला, वाहतूक खात्याच्या कार्यालयात दाखवला, त्यांनी सांगितलेले कागद जमवले, आणि लेखी होकार आल्यावरच पत्र्याला हात लावला. सात महिने गेले. ‘आधी कागद, मग कटर’ हे भाऊजींचं वाक्य तेव्हा घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

‘सरकारी लिलावात लाख-दीड लाखात मिळते.’

मिळते, पण काय मिळतं ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडीत काढायच्या असतात. म्हणजे अशी ॲम्ब्युलन्स स्वस्तात हाती आली तरी ती रस्त्यावर चालवण्याजोगी गाडी राहिलेली नसते, लोखंड असतं. त्याहून कमी वयाची असली तरी लिलावाच्या अटींत आरसी मिळणार की गाडी भंगार म्हणून विकली जाणार, हे बोली लावण्याआधी वाचा. खासगी इस्पितळं, ट्रस्ट, पंचायतींना देणगी मिळालेल्या गाड्या, यांचे कागद जिवंत असण्याची शक्यता जास्त.

किलोमीटरच्या आकड्यावरही जाऊ नका. ॲम्ब्युलन्स तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी असते, आणि ते तास मीटरवर दिसत नाहीत. थंड इंजिन एका मिनिटात पळवलेलं असतं. क्लच, टर्बो, इंजिनचं माउंटिंग, मागचे पाटे हे मिस्त्रीकडून बघून घ्या. आमच्या गाडीचा आकडा लहान होता आणि टर्बो गेलेला होता.

‘आत सगळं असतंच, फक्त गादी टाकायची.’

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने जुन्या ॲम्ब्युलन्सची जमीन कधी उचकटलेली नसावी. आम्ही वरचं रबरी आच्छादन काढलं, खालचा प्लाय काढला, तेव्हा स्ट्रेचरच्या रुळाखालचा प्लाय काळा पडलेला होता. रक्त, सलाइन, धुण्याचं पाणी सांध्यांतून खाली झिरपतं. निर्जंतुक करायला वापरतात ते हायपोक्लोराइट धातूला खातं. त्यात गोव्याची खारी हवा आणि वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस. चाकाच्या कमानीवर बोट दाबलं तर आत गेलं. तो सगळा पत्रा कापून नवा जोडावा लागला, गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावे लागले. हे न करता वर गादी टाकणं म्हणजे मुलांना त्या प्लायवर झोपवणं.

ऑक्सिजनची लाइन पूर्ण काढा. सिलिंडर गेलेला असतो, पण भिंतीतली नळी, तोट्या, प्रेशरचं घड्याळ तसंच राहतं. ‘नळी तयारच आहे’ म्हणून तिच्यातून स्वयंपाकाचा गॅस नेण्याचा सल्ला आम्हाला प्रत्यक्ष दिला गेला होता. कृपा करून असं करू नका. ती नळी, तिचे जोड आणि तोट्या त्या वायूसाठी नाहीत. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका गादीच्या उंचीवर. आमचा पाच किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात आहे, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक आहे.

बाकडं हा दुसरा मुद्दा. नातेवाइकांसाठीचं आडवं बाकडं बघून वाटतं, मुलं इथेच बसतील. आडव्या बाकड्यावरचं मूल जोरात ब्रेक लागला की पुढच्या पार्टिशनवर आपटतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कायद्यानेही दंड आहे. आम्ही बाकडं काढून पुढे तोंड असलेली दोन आसनं बसवली, तीन बिंदूंच्या पट्ट्यांसह, खाली लोखंडी पट्टी देऊन चासीला पक्की.

वजन मोजत जा. अठरा मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरतो. असे सहा वापरले की घरातली तीन मोठी माणसं वाढली. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. आम्ही ॲल्युमिनियमची चौकट करून तिला पातळ प्लाय लावला आणि पाण्याची टाकी मागच्या आसाच्या (ॲक्सलच्या) पुढे, खाली ठेवली. भिंतीत ग्लासवूल भरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते ओल धरतं आणि पत्रा आतून जातो. बंद पेशींचा, पाणी न शोषणारा फोम चालतो.

‘रात्री एसी लावून झोपा.’

ॲम्ब्युलन्सचा मागचा एसी बहुधा इंजिनवर चालतो. म्हणजे रात्रभर एसी म्हणजे रात्रभर इंजिन, आणि झोपलेल्या चार माणसांच्या खाली रात्रभर धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जाग येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरमधून आलेला हाच वायू त्यांच्या मृत्यूचं कारण ठरला.

आतला इन्व्हर्टर एसीसाठी पुरत नाही. १२ व्होल्टची १५० ॲम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे १.८ युनिट, त्यातलं साध्या बॅटरीतून निम्मंच वापरावं. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. हिशेब तुम्हीच करा. छतावरचा तीस वॉटचा पंखा मात्र आठ तासांत पाव युनिटही घेत नाही. आम्ही छताला असा एक पंखा बसवला, बाजूच्या दुधी काचा बदलून जाळीच्या सरकत्या खिडक्या घेतल्या. मे महिन्यात किनाऱ्याजवळ झोप लागत नाही हे खरं आहे. तेव्हा आम्ही जात नाही.

‘उंच गाडी, कुठेही जाते.’

उंच आहे ते छप्पर. छप्पर उंच असलं की गाडी वळणावर झुलते. चोर्ला घाटात पहिल्यांदा गेलो तेव्हा कपाटातली भांडी एका बाजूला गोळा झाली होती. कच्च्या रस्त्यावर कामाला येते ती पोटाखालची मोकळी जागा, आणि मागच्या चाकांपलीकडे गाडीची शेपटी किती लांब आहे ते. ॲम्ब्युलन्सची शेपटी लांब असते आणि तिला खाली पायरी जोडलेली असते. ओढा ओलांडून काठावर चढताना आधी ती पायरी रुतते.

ट्रॅव्हलरची मागची दोन चाकं ओढतात. टाटा विंगरची पुढची दोन, आणि तिला वेगळी चासीही नाही. मागे सामान भरलेली विंगर ओल्या चढावर पुढची चाकं नुसती फिरवत राहते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, हवीच असेल तर ती मुळात तशीच बनलेली गाडी घ्या. साध्या ॲम्ब्युलन्सखाली पुढचा आस आणि ट्रान्स्फर केस (इंजिनचा जोर पुढच्या चाकांकडेही नेणारी पेटी) बसवणं हा पुन्हा कलम ५२ मधला बदल, आणि खर्च गाडीच्या किमतीहून मोठा. आम्ही पायरी काढली, त्याच मापाचे जाड नक्षीचे टायर घातले, हवेचा छोटा पंप आणि ओढायचा पट्टा बरोबर ठेवला. सत्तरी तालुक्यातल्या जांभ्याच्या कच्च्या वाटांना उन्हाळ्यात एवढं पुरतं. जूननंतर तांबड्या चिखलात ती उतरवत नाही.

आणि वाळू. फोटोत दिसते तशी गाडी किनाऱ्यावर नेणं गोव्यात बेकायदेशीर आहे, गुन्हे दाखल होतात. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. टायरच्या चरात अडकलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि गाडीच्या दिव्याकडे वळलेलं तर उलट्या दिशेला चालत राहतं. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायलाही २०१९ पासून बंदी आहे, आणि दंड होतो. मोले, नेत्रावळी, म्हादई ही अभयारण्यं आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग रात्री गाडी लावणं दूरच.

मुक्कामाला जागा नाही असं मात्र नाही. आम्ही ओळखीने, मालकाला आधी विचारून, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) उतरतो. पहिल्यांदा केरीजवळच्या एका कुळागरात गेलो तेव्हा गाडीवरची अक्षरं आणि दिवे निघाले होते, पण रंग पांढराच होता. तिन्हीसांजेला आम्ही माडांमधून आत वळलो, तसे मालकांचे म्हातारे वडील काठी टाकून अनवाणीच धावत आले. धाप लागलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘कोणाला काय झालं बाय?’’ मी खाली उतरून त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, मुलं दाखवली. त्यांचा हात बराच वेळ थरथरत होता.

घरी परतल्यावर सोमवारी सकाळीच रंग बदलायचा अर्ज दिला. आता ती मातकट पिवळी आहे.