‘बेस नाहीच’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

मी बनवून दिलेल्या स्पीकरच्या जोडीवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. उशीर झाला हे खरं आहे. चार आठवडे सांगून सात लावले, त्याबद्दल माफ करा. मधे दोन दिवस फोन उचलला नाही, तेही चुकलंच. जुलैच्या दमट हवेत पॉलिशवर पांढरी झाक धरते, मग घासून परत पहिल्यापासून. पण हे आधी सांगायचं काम माझं होतं. (वरून चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, सागाचं ठरलेलं असताना तुम्ही मधेच अक्रोडाचं मागितलं, तो विषय मी काढत नाही.)

पण तुम्ही लिहिलंय, ‘बेस नाहीच, सुताराने ठोकलेल्या खोक्याचे ४६ हजार घेतले.’ या एका वाक्याने दोन रात्री झोप लागलेली नाही, म्हणून लिहितो.

त्या रविवारी काय झालं ते तुम्ही स्वतः पाहिलंत. तुमचा फोन आल्यावर मी धायरीहून वाकडला आलो, भर पावसात, स्कूटरवर, आवाज मोजायच्या माइकचा स्टँड दोन पायांत धरून. दोन्ही स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेले होते. मागे जेमतेम चार बोटं जागा. हात घालून पेटीच्या मागचा हवेचा पाइप चाचपला तर जुन्या टॉवेलचा बोळा हाताला लागला. दुसऱ्यातही तसाच. वहिनी म्हणाल्या, पाल आत जाते म्हणून घातला. त्यांचं काही चुकलं नाही, पाल मलाही आवडत नाही.

पण सर, तो पाइप शोभेचा नाही. पेटी वीस लिटरची, पाइप पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि तेरा सेंटिमीटर लांब. एवढं जुळलं की आतली हवा ४२ हर्ट्झच्या (सेकंदाला ४२ कंपनांच्या) आसपास घुमते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमते ना, तसंच. तिथे वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचा, पडदा जवळजवळ जागचा हलत नाही, आवाज पाइपातूनच येतो. मी पाइप आधी पंधराचा कापतो आणि मोजत मोजत थोडा थोडा कमी करत आणतो. तुमच्या जोडीला त्यात एक अख्खा शनिवार गेला. हे गणित माझं नाही, ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलं. पण त्यात टॉवेल कुठेच बसत नाही.

मागे एक फूट मोकळं ठेवा, हे मी डिलिव्हरीच्या दिवशी फोटोवर बाण काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. तुमचा अंगठाही आला होता.

बोळे काढले, स्पीकर खणातून बाहेर काढून स्टुलांवर ठेवले आणि काळी एकचा तानपुरा लावला. त्याचा खरज (सगळ्यात खालचा सा) साधारण ६९ हर्ट्झला येतो. तुम्ही सोफ्यावरून म्हणालात, “आता आला.” लॅपटॉपवर ४५ हर्ट्झला सात डेसिबलचा फरक दिसत होता, तो राहू द्या. तुमचे शब्द मी ऐकले. वहिनींचे पोहे खाऊन निघालो, येण्याजाण्याचे पैसे घेतले नाहीत. आणि गुरुवारी हा रिव्ह्यू. त्यात रविवारचा एक शब्द नाही.

गणपतीत डॉल्बीची भिंत लावतात तसा छाती दडपणारा बेस या साडेसहा इंची वूफरमधून निघणार नाही, हे तर ऑर्डर घ्यायच्या आधीच बोललो होतो.

राहिलं ‘सुतार’. तो शब्द मी कमीपणाचा मानत नाही, ४५ अंशांचे कोपरे जुळवायला मी सुताराकडूनच शिकलो. प्लाय भवानी पेठेत मशिनवर कापून आणतो, बाकी सगळं घराच्या मागच्या गॅलरीत, एकटा. चार ड्रायव्हर, क्रॉसओव्हरच्या (वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या) तांब्याच्या कॉइली आणि कपॅसिटर, बर्च प्लाय, विनियर यातच निम्म्याहून जास्त पैसे जातात. उरलेल्यात माझे सात आठवडे. महिन्याला फार तर दोन जोड्या होतात आणि दिवाळीच्या ऑर्डरी याच दिवसांत ठरतात. तुमचा रिव्ह्यू आला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने “जरा थांबू या” म्हणून कळवलं. तुम्हाला दोष देत नाही, झालं ते सांगितलं.

स्टार बदला असंही म्हणत नाही. रविवारचं तेवढं खाली लिहिलंत तर बरं होईल.

पाइपाला जाळी मी आधीच द्यायला हवी होती, यापुढे देईन. पावसाळ्यात मुदत जास्तीची सांगेन, फोनचंही काहीतरी करतो. तुमच्या दोन जाळ्या तयार आहेत. शनिवारी संध्याकाळी घरी असाल तर येऊन बसवून देतो, पैसे नकोत. तोवर स्पीकर परत खणात गेले असतील, तर मागून एकदा टॉर्च मारून बघा, बोळे आत नाहीत ना.