सरावाआधीचा तो अर्धा तास

लंगडत आलेल्या खेळाडूला कोच लगेच बाजूला बसवतो. अर्धा-पाऊण तास रील्स बघून आलेल्याला मात्र ओरडा बसतो, "लक्ष कुठंय तुझं?" त्याचे पाय ताजे असतात, दमलेलं असतं ते डोकं. आणि ते कोणाला दिसतच नाही, म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी फुटबॉलपटूंवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू सामन्याआधी कधी १५, कधी ३०, कधी ४५ मिनिटं फोनवर सोशल मीडिया बघत बसले. १५ मिनिटांनी फारसं बिघडलं नाही. ३० आणि ४५ मिनिटांनंतर मात्र पास देण्याचे निर्णय घसरले. असाच फोन बघून पाण्यात उतरलेल्या जलतरणपटूंच्या बाबतीत तर आणखी बोलकं चित्र दिसलं: ५० मीटरच्या वेळेत फरक नाही, पण १०० आणि २०० मीटरला वेग मंदावला. म्हणजे एका दमात संपणारं काम शरीर निभावून नेतं. जिथे वेग राखायचा, ताकद वाटून वापरायची, तिथे थकलेलं डोकं आड येतं.

व्यायाम आणि थकवा यांचा अभ्यास करणारे संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांच्या २००९ च्या प्रयोगातही हेच आढळलं होतं. ९० मिनिटं डोक्याला ताण देणारं काम केल्यावर लोक सायकलवर लवकर थकले. हृदय आणि स्नायूंकडून तक्रार नव्हती, तेवढेच कष्ट त्यांना जास्त जड वाटत होते.

फोन बघणं म्हणजे आराम, असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक पोस्टला थांबायचं की पुढे जायचं, हे मेंदू ठरवतच असतो. दर काही सेकंदांनी विषय बदलतो, कधी हसू, कधी राग. समोरच्याची चाल ओळखायला जे लक्ष लागतं, तेच इथे खर्ची पडतं. शिवाय सामना कधीतरीच असतो, सराव रोजचा. नवीन कौशल्य रुजायचं ते सरावातच, आणि तिथेच आपण अर्धवट डोक्यानं उतरतो, हे मला सामन्यातल्या चुकीपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सामन्याच्या दिवशी खेळाडूंचे फोन जमा होतात. कारण भ्रष्टाचार रोखण्याचं आहे, पण फोनवाचून कोणाचं अडत नाही हे त्यातून दिसतंच. गाणी ऐकून अंगात जोश येत असेल तर जरूर ऐका. यादी आधी लावून ठेवा आणि फोन बॅगेत टाका. कोच मंडळींनो, सरावाआधी फोन पेटीत ठेवायचा नियम करणार असाल तर आधी तुमचा फोन त्या पेटीत जाऊ द्या. तुम्ही मैदानाच्या कडेला स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलात, तर पोरं तुमचं ऐकणार नाहीत.