प्रतिक्रियेला उत्तर: विद्यापीठ गावाबाहेर गेलं म्हणून बफेलो बसलं का?

काका (तुम्हीच रिटायर्ड नगररचनावाले अशी ओळख दिलीत म्हणून काका म्हणतोय, राग नसावा), इतकी सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. खालच्या खाली दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की न्यूयॉर्क राज्याने साठच्या दशकात आपल्या बफेलो शहरातल्या सरकारी विद्यापीठाचा नवा कॅम्पस शहरात न बांधता अ‍ॅमहर्स्ट नावाच्या उपनगरात बांधायचं ठरवलं आणि डाउनटाउन (शहराचा मधला, बाजार-ऑफिसांचा भाग) त्याची किंमत अजून मोजतंय. त्यावर काकांचं म्हणणं असं की बफेलो बुडालं ते पोलाद आणि बंदरामुळे, त्याचं खापर विद्यापीठावर कशाला? क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठ तर ऐन डाउनटाउनमध्ये आहे, मग ते शहर का नाही वाचलं? आणि पुणे विद्यापीठ गणेशखिंडीत गेलं म्हणून पेठा ओस पडल्या का? शेवटी "परदेशात बसून इतिहासाला जर-तर विचारायचा छंद" असा एक टोमणाही आहे. टोमणा ठेवून घेतो, बाकीचं बोलूया.

पोलाद आणि बंदराचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरंय आणि मी ते नाकारलेलंच नाही. 1959 मध्ये मोठ्या तलावांतून जहाजं थेट समुद्रापर्यंत नेणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग सुरू झाला आणि धान्याची जहाजं बफेलोला न थांबता पुढे सटकायला लागली, मग 1983 पर्यंत शेजारच्या लॅकवानामधल्या बेथलेहेम स्टीलच्या भट्ट्या बंद झाल्या, 1950 मध्ये 5 लाख 80 हजारांचं शहर 2010 मध्ये 2 लाख 61 हजारांवर आलं. यात विद्यापीठाचा काय दोष? काहीच नाही. पण माझा लेख शहर पडलं कशाने यावर नव्हताच, पडल्यावर उठता का आलं नाही यावर होता, आणि तुम्ही या दोन्हीची एकच मोट बांधलीत. कारखाना मालकाला वाटलं तर उचलून दुसरीकडे नेता येतो. सरकारी विद्यापीठ तसं नेता येत नाही, मंदी येवो नाहीतर बंदर बसो, दर ऑगस्टला पोरं येणारच. बाकी सगळं हातातून निसटत होतं नेमक्या त्याच काळात (1962 ला विद्यापीठ राज्याकडे आलं) ही एक न हलणारी गोष्ट शहराच्या दारात आली होती. नदी-तलावाच्या काठावर, डाउनटाउनला लागून बांधा म्हणणारी मंडळी तेव्हाही होती, भांडलीसुद्धा. तरी विद्यापीठ गेलं पंधरा-सोळा किलोमीटर लांब, हजार एकरांहून मोठ्या मोकळ्या जागेवर, चहूबाजूंनी पार्किंग.

आता हे जमिनीवर कसं दिसतं ते सांगतो कारण नकाशावर नाही कळत. आपल्याकडची पोरं ऑगस्टमध्ये बॅगा घेऊन उतरतात, आठवडाभरात गादी, राइस कुकर, थंडीचं जाड जॅकेट असं सगळं घेतात, आणि हे सगळं नायगरा फॉल्स बुलेव्हार्डवरच्या नाहीतर शेरिडन ड्राइव्हवरच्या दुकानांमधून. खोली बऱ्याच जणांची शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्या साउथ कॅम्पसजवळ, कारण तिथे भाडं परवडतं, आणि रोज विद्यापीठाच्या बसने नॉर्थ कॅम्पसला (म्हणजे अ‍ॅमहर्स्टच्या नव्या कॅम्पसला). मग चौघं मिळून एक जुनी कोरोला घेतात की विषय संपला. डाउनटाउनला कधी जाता विचारलं तर एखादी हॉकीची मॅच नाहीतर एखादं सरकारी काम. तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी असलेलं विद्यापीठ आणि त्यांचा चहापाण्याचा, भाड्याचा, केस कापायचा पैसा वर्षानुवर्षं डाउनटाउनबाहेरच खर्च होतोय. त्यात ऐंशीच्या दशकात मेट्रो रेल्वे बांधली ती सुमारे दहा किलोमीटरची, डाउनटाउनहून निघते आणि साउथ कॅम्पसला येऊन थांबते, नॉर्थ कॅम्पस तिथून जेमतेम पाच किलोमीटर पुढे पण रूळ संपले ते संपलेच. वर दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ही गाडी डाउनटाउनमध्ये रस्त्यावरून धावते आणि बाहेर गेल्यावर बोगद्यातून (उलटं वाटतं ना, मलाही वाटलं होतं), आणि तिच्यासाठी मेन स्ट्रीट वर्षानुवर्षं गाड्यांना बंद, मग होती नव्हती ती दुकानंही गेली. आत्ता कुठे टप्प्याटप्प्याने परत गाड्या सोडल्यात.

क्लीव्हलंडचं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. क्लीव्हलंड स्टेट 1964 ला डाउनटाउनच्या कडेला स्थापन झालं हे बरोबर, शहर 1950 च्या 9 लाख 14 हजारांवरून 2020 ला 3 लाख 72 हजारांवर आलं हेही बरोबर. पण ते कितीतरी वर्षं मुख्यतः ये-जा करणाऱ्या पोरांचं विद्यापीठ होतं. हायवेवरून उतरायचं, गाडी लावायची, लेक्चर करायचं, परत हायवे. अशा विद्यापीठाला डाउनटाउनमध्ये काय आणि चंद्रावर काय, सारखंच. गेल्या वीसेक वर्षांत हॉस्टेलं वाढली, युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवर 2008 ला स्वतंत्र लेनची बस आली, तेव्हा कुठे तिथल्या फुटपाथला संध्याकाळी माणसं दिसायला लागली. इमारत कुठे आहे यापेक्षा पोरं रात्री झोपतात कुठे आणि जेवतात कुठे हे बघा, मी लोकेशन म्हणतो ते याला.

आणि तुमच्या पुण्याचं उत्तरही यातच आहे की! 1949 ला विद्यापीठ गणेशखिंडीत गेलं म्हणजे गेलं काय, तर कारभार, परीक्षा आणि पदव्युत्तर विभाग. फर्ग्युसन, एसपी, बीएमसीसी जिथली तिथेच राहिली. पोरं सदाशिव-नारायण पेठेतच खोल्या घेऊन राहिली, मेस तिथे, झेरॉक्सवाले तिथे, अभ्यासिका तिथे, स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर त्यात भरच घातली. उद्या ही सगळी कॉलेजं हॉस्टेलांसकट उचलून हिंजवडीच्या पलीकडे नेली तर पेठांचं काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त चांगलं सांगू शकाल, तुमचं खातंच ते.

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहराबद्दल मूळ लेखात एकच ओळ होती, ती वाढवतो. तिथे डाउनटाउनमध्ये 1992 ला बास्केटबॉलचं मोठं स्टेडियम झालं, 1998 ला बेसबॉलचं झालं, तरी मॅच नसेल त्या दिवशी ऑफिसं सुटली की शुकशुकाट. मग 2006 च्या मार्चमध्ये फिनिक्सच्या मतदारांनी रोख्यांना मंजुरी दिली, त्यातले 22 कोटी 30 लाख डॉलर अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या डाउनटाउन कॅम्पससाठी. म्हणजे शहराने स्वतःचे पैसे घालून राज्याचं विद्यापीठ आणलं! त्याच ऑगस्टमध्ये वर्ग सुरू, 2008 च्या डिसेंबरात शेजारच्या टेम्पी शहरातल्या मुख्य कॅम्पसला जोडणारी लाइट रेल, आणि पत्रकारिता, नर्सिंग, पुढे 2016 ला लॉ स्कूलही इकडेच. हॉस्टेलं पण बांधली, हे महत्त्वाचं. 2019 मध्ये तिथे मोठं किराणा सुपरमार्केट उघडलं, आणि माझ्या मते किराणावाला येणं ही खरी खूण, कारण तो पर्यटकांच्या जिवावर दुकान टाकत नाही. सगळं श्रेय विद्यापीठाला देत नाही, रेल्वेचा वाटा मोठा आहे, पण रेल्वेला रोज बसणारी माणसं लागतात आणि ती दोन्ही टोकांना विद्यापीठानेच दिली.

एका मुद्द्यावर मात्र मला वाटलं होतं तुम्ही धराल, आणि तुम्ही सोडून दिलात. डाउनटाउनमध्ये विद्यापीठ म्हणजे कुणाची तरी घरं जाणार. शिकागोत इलिनॉय विद्यापीठाचा कॅम्पस 1965 ला उघडला तो टेलर स्ट्रीटच्या आसपासची इटालियन वगैरे वस्ती पाडून. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये सरकारी मेडिकल कॉलेजसाठी 150 एकर मागितले, तेही काळ्या लोकांच्या भरवस्तीतले, आणि 1967 च्या दंगलीमागे जी कारणं होती त्यात हे एक होतं, नंतर तो आकडा निम्म्याहून खाली आणावा लागला. त्यामुळे लोकेशनचा परिणाम होत नाही हे तर कुणीच म्हणू नये, चांगला होईल का वाईट हे वेगळं. बफेलोतही 2017 च्या शेवटी मेडिकल स्कूल डाउनटाउनला आलं, साडेसदतीस कोटी डॉलरची इमारत, मेट्रो स्टेशन थेट तिच्या पोटात, बघण्यासारखं आहे. पण त्या परिसरात हॉस्पिटलं आणि नोकऱ्या वाढत गेल्या तशी शेजारच्या फ्रूट बेल्ट नावाच्या वस्तीतल्या जुन्या रहिवाशांना आपल्याच दारासमोर गाडी लावायला जागा मिळेना, शेवटी त्यांच्यासाठी पार्किंगची परमिटं काढावी लागली. आणि डॉक्टरकीची पोरं म्हणजे दर वर्षाला 180, ती हॉटेलात बसून काय गप्पा मारणार.

2020 च्या जनगणनेत बफेलोची लोकसंख्या सत्तर वर्षांत पहिल्यांदा वाढली, 2 लाख 78 हजार झाली, तुम्ही हाही आकडा दिलात. पण त्यात मोठा हात ब्रह्मदेशातून आलेल्या निर्वासितांचा आणि न्यूयॉर्क सिटीतून स्वस्त घरांसाठी आलेल्या बांगलादेशी कुटुंबांचा आहे, तीही बरीचशी डाउनटाउनबाहेरच्या वस्त्यांमध्ये राहतात.

राहिला तुमचा प्रश्न, की मग आता काय कॅम्पस उचलून आणणार का. नाही हो, तो काही येत नाही. मेट्रो नॉर्थ कॅम्पसपर्यंत पुढे न्यायची चर्चा इतकी वर्षं चाललीय की पोरं शिकून, नोकरीला लागून, घरं घेऊन मोकळी झाली, आणि आता तर रेल्वेऐवजी वेगळ्या लेनमधून बस चालवायचाही पर्याय पुढे आलाय. माझी बसलाही ना नाही. फक्त रात्री अकरानंतरही दर पंधरा मिनिटांनी असली पाहिजे, नाहीतर पोरं कोरोलाच घेणार.