सभेचे नियम करायला बसलाय? मग एवढं वाचाच

तर तुम्ही निवडून आलात, हारतुरे झाले आणि शहराच्या सभागृहाची कामकाज नियमावली ठरवायची समिती नेमकी तुमच्याच गळ्यात पडली. घाबरू नका हो. नियम सभा नीट चालावी म्हणून असतात असं लोकांना वाटतं, वाटू द्या.

हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचा अमेरिकन लष्करातला एक इंजिनिअर होता, 1863 मध्ये त्याला चर्चमधल्या एका सभेत अचानक अध्यक्ष केलं आणि सभेचा पार बोऱ्या वाजला. बिचाऱ्याने ते इतकं मनाला लावून घेतलं की 1876 मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तकच काढलं. तेव्हा 176 पानं होती, 2020 ची आवृत्ती सातशेच्या वर गेलीये. तुम्ही ते वाचायचं नाही, फक्त टेबलावर ठेवायचं. कुणी अडचणीचा प्रश्न काढला की त्यावर पंजा ठेवून म्हणायचं, नियमात बसत नाही. कुठल्या नियमात, हे विचारायला त्याला हरकतीचा मुद्दा मांडावा लागणार आणि तो कधी मांडायचा ते त्याच पुस्तकात लिहिलंय, जे तुमच्या पंजाखाली आहे.

विषयपत्रिका सभेच्या आधी जाहीर करा असा नियम घालाच, छान दिसतो. मग करा ना जाहीर, रात्री उशिरा, आडवी स्कॅन केलेली पीडीएफ, जी मोबाईलवर उघडली तर मान वाकडी करून वाचावी लागेल आणि शोधायला गेलं तर एक शब्द सापडणार नाही. खरा माल "ऐनवेळचे विषय" मध्ये टाका, किंवा सगळ्यात शेवटी "इतर अनुषंगिक बाबी" म्हणून, त्या तीन शब्दांत आख्खा उड्डाणपूल मावतो.

विषयांचा क्रम लावताना पार्किन्सन या ब्रिटिश लेखकसाहेबांना स्मरा. त्यांनी 1957 मध्ये एका काल्पनिक समितीची गंमत लिहिली होती, एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर आणि सायकल शेडवर पाऊण तास चर्चा, कारण अणुभट्टी कुणाला कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. ते थट्टा करत होते, तुम्ही मॅन्युअल समजा. बागेतल्या बाकांना हिरवा रंग की निळा हा विषय पहिला घ्या. सगळे बोलतील, दोघं सभात्याग करतील, एकजण कागद फाडेल. तोवर घड्याळ पुढे सरकलेलं असतं आणि बजेट आलं की सगळे घरी जायच्या मूडमध्ये, मंजूर मंजूर मंजूर. इतिवृत्तात एकच ओळ, "सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर".

नागरिकांना बोलू देणार ना? द्या की, अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत माणशी तीन मिनिटं देतात. फक्त आदल्या दिवशी दुपारपर्यंत फॉर्म भरलेला पाहिजे, विषय विषयपत्रिकेवरचाच पाहिजे (जी रात्री येते), आणि नाव-पत्ता सांगण्यात जाणारा वेळ त्या तीन मिनिटांतच धरायचा. माईक चालू होईपर्यंतचा पण. बेल मात्र चांगल्या कंपनीची आणा, ती कधी बंद पडता कामा नये.

ऑनलाइन सभा घेणार असाल तर आधी बघा की बटण कुणाच्या हातात आहे. डिसेंबर 2020 मध्ये इंग्लंडातल्या हँडफोर्थ गावच्या परिषदेच्या सभेत अध्यक्षच तुम्हाला काही अधिकार नाही म्हणून त्या दिवशी क्लार्कचं काम बघणाऱ्या बाईंना सुनावत होते आणि बाईंनी शांतपणे त्यांनाच मीटिंगबाहेर काढलं. दोन महिन्यांनी तो व्हिडिओ जगभर फिरला. नियमावलीच्या मसुद्यात पासवर्डचं कलम सगळ्यात आधी घाला, बाकीचं सावकाश.

आता राहिली गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी. हे हत्यार जपून वापरा. ठराव पडतोय असं दिसलं की आपली माणसं एकेक करून फोन कानाला लावत बाहेर, मग मोजणी मागायची, सभा तहकूब. पण वेळ साधता आली पाहिजे. 1840 मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळात अब्राहम लिंकनने गणपूर्ती मोडायला खिडकीतून उडी मारली होती, तोवर त्याची हजेरी मोजून झालेली, उडी फुकट गेली. म्हणून विरोधकांसाठी खिडक्यांना गज बसवायचा ठराव लगेच आणा असं मी आमच्या ओळखीतल्या एका सदस्याला सुचवलं होतं. त्यांनी आणलाही. तीन वेळा. गणपूर्तीअभावी तहकूब.