कोड सगळं सांगतो? नाही सांगत

आमच्या इंदूरच्या मराठी इंजिनियर मंडळींत एक मेसेज फिरतोय: "ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांसमोर असतो, कोणीही तपासू शकतो. कोड चांगला असला की प्रोजेक्ट चालतो. कम्युनिटी, चर्चा हा सगळा टाइमपास." कॉलेजची पोरं हे खरं मानतायत, म्हणून लिहितोय.

कोणीही तपासू शकतो, मान्य, पण तपासतं कोण? एक्सझेड बघा. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेली, डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड), सांभाळणारा माणूस एकच, तोही फुकटात आणि थकलेला. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी दोनेक वर्षं व्यवस्थित पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले, विश्वास कमावला, मेंटेनर म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा झाला आणि २०२४ मध्ये बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, घुसवलं, आणि त्यातला महत्त्वाचा तुकडा गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडला ठेवलेल्या गठ्ठ्यात होता. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून! त्या थकलेल्या माणसाच्या सोबतीला आधीच दोन-चार भरवशाची माणसं असती तर अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या द्यायची वेळ आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

चांगला कोड असला की चालतं, हेही नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरची बरीच माणसं बाहेर पडली आणि त्याच कोडवरून लिब्रेऑफिस उभं केलं. कोड तोच, पण आज लिनक्सवर कुठलं मिळतं ते बघा: लिब्रेऑफिसच.

आणि चर्चा टाइमपास? आम्ही मजकूर साफ करायचं एक छोटं टूल ओपन ठेवलंय. एका हुशार पोराने 'न दिसणारी फालतू कॅरेक्टर' काढून टाकणारा बदल पाठवला, सगळ्या टेस्ट पास, आम्ही घेतला. नंतर रामबागेतल्या एका काकू म्हणाल्या, अरे, सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या कसा झाला? काही जुन्या फाइलींमध्ये मराठीचा हा अर्धा र त्याच न दिसणाऱ्या झेडडब्ल्यूजेवर, म्हणजे अक्षरं जोडून दाखवणाऱ्या कॅरेक्टरवर उभा असतो, तो काढला की रफार होतो आणि दरीचा समुद्र होतो. पोराची चूक नव्हती, तो हिंदीत वाढलेला, हिंदीत हा र लागतच नाही. चूक आमची, कोडमधली झेडडब्ल्यूजे राखणारी ओळ तिथे का आहे हे कोणी लिहिलंच नव्हतं आणि त्याने विचारावं असं वातावरणही ठेवलं नव्हतं.

आता त्या ओळीवर हिंदी आणि मराठी दोन्हीत कमेंट आहे, टेस्टमध्ये 'दऱ्या' आणि 'दर्या' दोन्ही आहेत, आणि मराठीला हात लावणारा बदल असला की तो आधी काकूंकडे जातो.