काढा घेणारा प्रत्येक रुग्ण केमोथेरपी नाकारत नसतो

चीनमधील कर्करुग्ण पारंपरिक चिनी औषधांकडे का वळतात, यावरच्या माझ्या लेखाने अंधश्रद्धेला प्रतिष्ठा दिली, अशा समजुतींपायी माणसे जिवाला मुकतात आणि हे रुग्ण मूर्ख आहेत, असे आपण आपल्या प्रतिक्रियेत लिहिले आहे. जीव जाण्याचा धोका मी लेखात दोन ओळींत उरकला, ही माझी चूक मला मान्य आहे. लिम्फोमाचे (लसिका संस्थेच्या कर्करोगाचे) निदान झालेली तरुण अभिनेत्री शू टिंग केमोथेरपीच्या यातनांच्या भीतीने आधी कपिंग (त्वचेवर पेले लावून ती ओढून घेणे), सुया टोचणे अशा उपचारांकडे गेली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिचे निधन झाले. येल विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकी रुग्णांची तुलना केली, तेव्हा केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट आढळला.

यातल्या ‘केवळ’ या शब्दाकडे मात्र मी आपले लक्ष वेधू इच्छितो. चीनमधील आणि तैवानमधील अनेक रुग्ण केमोथेरपी चालू ठेवूनच काढा घेतात. गाठ पाश्चात्त्य औषधाने मारायची आणि खचलेले शरीर चिनी औषधाने सावरायचे, अशी त्यांची विभागणी असते, आणि तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात तर १९९५ पासून दोन्ही उपचारांचा समावेश आहे. केमोथेरपीने तोंड येते, अन्नाचा वास नकोसा होतो, जिना चढवत नाही, आणि अशा वेळी नाडी व जीभ पाहून झोप, भूक, शौच यांची सावकाश चौकशी करणारा वैद्य रुग्णाला जवळचा वाटतो. केमोनंतर ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणून गुलकंद देणाऱ्या आपल्या घरांना हे अनोळखी नसावे.

या औषधांतून कधीच काही सिद्ध झाले नाही, हे आपले विधान मात्र बरोबर नाही. चीनमधील हार्बिन येथे डॉक्टर झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात पारंपरिक नुस्ख्यातील सोमलाचा (आर्सेनिकचा) वापर रक्ताच्या कर्करोगावर केला; त्यातूनच आलेल्या आर्सेनिक ट्रायऑक्साइडला प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रकारासाठी २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अर्थात ती मान्यता नुस्खा जुना होता म्हणून मिळाली नाही. नेमका घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर त्याचा परिणाम मोजल्यानंतर मिळाली.

मला खरी काळजी वाटते ती रुग्णाच्या मौनाची. काही चिनी वनस्पतींत आढळणाऱ्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी अशी औषधे घेतलेल्या स्त्रियांवरून हे १९९० च्या दशकात उघड झाले. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषधही मूत्रपिंडांवर ताण देते. म्हणून सिस्प्लॅटिन चालू असलेला रुग्ण काढ्यातून काय घेतो, हे डॉक्टरांना कळणे अत्यावश्यक असते. ‘मूर्ख’ हा आपला शब्द मला म्हणूनच स्वीकारता येत नाही, कारण तो एकदा कानावर पडलेला माणूस पुढच्या खेपेला पुडी पिशवीच्या तळाशी ठेवतो आणि ‘दुसरे काही घेता का’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणतो.